घशातला जंतू आणि न मांडलेला हिशेब

सुरत म्हटले की मराठी माणसाला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या दोन स्वाऱ्या आठवतात. आम्हा गोवेकरांना त्याहून जुनी आठवण सांगता येते. १५३० साली पोर्तुगीज आरमाराने हे शहर जाळले होते. खवय्यांना 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण आठवेल. या लेखात मात्र मी सुरतेकडे वेगळ्याच कारणासाठी वळतो आहे, आणि ते कारण आहे लहान मुलांचा दुखरा घसा. विषय इतका किरकोळ वाटेल की काही वाचक इथेच पान बंद करतील. त्यांना विनंती, की जरा धीर धरावा. या किरकोळ दुखण्याला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपल्या मराठी मुलुखाचाही वाटा आहे.

मडगावहून कोकण रेल्वेने गुजरातकडे निघालो, की वलसाड, नवसारी मागे टाकून सचिन येते, मग भेस्तान, मग उधना आणि मग सुरत. भेस्तानला बहुतेक मोठ्या गाड्या थांबत नाहीत. दोन्ही बाजूंना कापडाचे कारखाने, लूमची खाती, डाइंगच्या चिमण्या आणि त्यांच्या मधल्या जागेत दाटीने उभ्या राहिलेल्या सोसायट्या. शेजारच्या उधन्याहून एक जुना फाटा जळगावकडे जातो. तो तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. याच वाटेने नंदुरबार, धुळे, जळगावची माणसे पिढ्यान् पिढ्या सुरतेला पोटासाठी येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या भागांत त्यामुळे अहिराणी आणि मराठी सहज कानांवर पडते. सुरत महापालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

काही वर्षांपूर्वी भेस्तानमध्ये अशाच एका परिचिताच्या घरी जाण्याचा योग आला. घरचा कर्ता लूमवर बारा तासांची पाळी करणारा. चौथीतला मुलगा दोन दिवस तापाने पडून होता, घसा लाल, गिळताना डोळ्यांतून पाणी. वहिनींनी फळीवरून गोळ्यांची एक पट्टी काढून दाखवली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, ही गोळी एकदम भारी आहे. दोन दिवसांत पोरगा शाळेत." ती अझिथ्रोमायसिनची पट्टी होती, आधीच्या आजारातून उरलेली. चिठ्ठी कोणी दिली होती, दुकान कोणते, याला इथे महत्त्व नाही. हेच दृश्य आपल्या म्हापशात, फोंड्यात किंवा काणकोणातही दिसेल. गोव्यात फक्त दुकानाच्या पाटीवर 'फार्मासिया' लिहिलेले असेल, एवढाच फरक. आणि वहिनींचे म्हणणे खोटेही नव्हते. मुलगा दोन दिवसांत बरा झालाच असणार. घोटाळा नेमका त्या बरे होण्यात आहे. तो कसा, ते पुढे येईल.

आधी जंतूची ओळख करून घेऊ. मराठीत घटसर्पाला नाव आहे, गालगुंडाला नाव आहे. घसा दुखला की आपल्या आज्या 'पडजीभ पडली' म्हणत आणि मीठ-हळदीच्या गुळण्या करायला लावत. पण मुलांच्या घशाच्या ज्या एका दुखण्याने पुढे हृदय निकामी होऊ शकते, त्याला आपल्या भाषेत वेगळे नाव नाही. ज्याला नाव नाही त्याची मोजदादही होत नाही, असे मला नेहमी वाटते. डॉक्टर त्याला 'स्ट्रेप थ्रोट' म्हणतात. मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी बहुतेक विषाणूंमुळे दुखतात आणि त्यांना कुठल्याच अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. साधारण पाचातला एक ते चारातला एक घसा मात्र स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस या जंतूमुळे दुखतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू मण्यांच्या माळेसारखा दिसतो. बिलरोथ या शल्यविशारदाने १८७४ साली ग्रीक भाषेतून त्याला 'स्ट्रेप्टोकोकस' नाव दिले, ते या माळेवरूनच. पुढे १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेबेका लान्सफील्ड यांनी या जंतूंचे अ, ब, क असे गट पाडले. घशातला हा त्यातला 'अ' गट.

घसा तर चार-पाच दिवसांत आपोआपच बरा होतो. खरी भीती त्यानंतरची. काही मुलांच्या बाबतीत, दोन-तीन आठवड्यांनी, शरीराने जंतूशी लढण्यासाठी तयार केलेली हत्यारे स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतात. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, आणि या गडबडीत हृदयाच्या झडपा खराब होतात. हा संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर. ही झडप पुढे आयुष्यभर छळते. मुलगी वयात येते, लग्न होते, पहिल्या बाळंतपणात धाप लागते आणि तेव्हा कळते की झडप केव्हाच आकसून गेली आहे. लहानपणीचा तो घसा तोवर आईलाही आठवत नसतो. २०१५ साली या हृदयविकाराने जगभरात सुमारे ३ लाख १९ हजार माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे १ लाख १९ हजार भारतातली होती, असा एका मोठ्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे तिघांतला एक आपला.

या जंतूवरचे पहिले खरे औषध जर्मनीत सापडले. गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्राँटोसिल या लाल रंगद्रव्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हाताला सुई लागून जंतुसंसर्ग झाला आणि त्यांनी तिला हेच औषध दिले. ती वाचली. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा घशाच्या स्ट्रेप्टोकोकसने अत्यवस्थ झाला, तोही याच औषधाने बरा झाला आणि सल्फा औषधांचे नाव जगभर पोचले. आपल्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत साहिब सिंग सोखी संचालक असताना सल्फा औषधांचे प्रयोग प्लेगवर झाले, ते याच काळातले.

आणि औषधाला जंतूने दिलेले पहिले मोठे उत्तरही याच काळातले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षण तळांवर हजारो तरुण दाटीवाटीने राहत आणि घशाच्या साथी येत. १९४३ च्या अखेरीस नौदलाने निरोगी जवानांनाही रोज सल्फाडायझिनची थोडी मात्रा देण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सुरुवातीला साथ झपाट्याने ओसरली, अधिकारी खूश झाले. काही महिन्यांतच सल्फाला न जुमानणारे स्ट्रेप्टोकोकस पुढे आले आणि एका तळावरून दुसऱ्या तळावर पसरले. पण हे कळले कशामुळे? नौदलाचे डॉक्टर जवानांच्या घशाचे नमुने नियमित घेत होते, जंतू वाढवून पाहत होते आणि त्याची नोंद ठेवत होते. त्यांच्या हातात वही होती म्हणून हार लवकर दिसली.

त्यांच्या सुदैवाने तोवर पेनिसिलिन हाताशी आले होते. वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरन या लष्करी तळावर रॅमेलकॅम्प, वानामेकर, डेनी प्रभृतींनी १९५० मध्ये दाखवून दिले, की घशातल्या स्ट्रेपवर वेळेत पेनिसिलिन दिले तर संधिवाताचा ताप टळतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी चालते, हा त्या काळापासून चालत आलेला नियम. एका सुईत काम भागावे म्हणून लगेचच बेन्झाथिन पेनिसिलिन आले. ज्या घरात झडपेचे दुखणे आहे तिथे 'एकवीस दिवसांचे इंजेक्शन' हे शब्द अजून ओळखीचे आहेत. ते हेच.

इथे आपला मराठी मुलूख कथेत शिरतो. स्वतंत्र भारताने सरकारी क्षेत्रात पहिला औषध कारखाना काढला, तो पुण्याजवळ पिंपरीला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी वाढली, त्यातली एक पहिली वीट या पेनिसिलिनची आहे. गरिबाच्या मुलाला परवडेल असे औषध आपल्याच मातीत तयार व्हावे, हे त्यामागचे स्वप्न होते.

आता या कथेतली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशीहून अधिक वर्षे झाली. या काळात इतर कित्येक जंतूंनी त्याला निष्प्रभ केले. घशातला हा 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस मात्र अजून पेनिसिलिनपुढे मान तुकवतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून अशा काही जंतूंची माहिती आली, की ज्यांची पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांविषयीची संवेदनशीलता किंचित कमी झाली होती. तो इशारा आहे, पण त्याला पूर्ण प्रतिकार म्हणता येत नाही. इतक्या जुन्या, इतक्या स्वस्त औषधाला शरण जाणारा शत्रू आपल्याला लाभला आहे!

आणि आपण काय केले? ते औषध बाजूला ठेवले. इंजेक्शनच्या अ‍ॅलर्जीची डॉक्टरांना धास्ती, आणि ती अगदीच निराधार नाही. गोळ्या घ्यायच्या तर दहा दिवस, आणि तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागले की चौथ्या दिवशी गोळी कोण देतो? चीनमधून स्वस्त माल येऊ लागल्यावर देशातले पेनिसिलिन-जीचे उत्पादन बंद पडत गेले. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा तीन दशकांनी उत्पादन परत आल्याची बातमी झाली. मधल्या रिकाम्या जागेत अझिथ्रोमायसिन आले. १९८० मध्ये झाग्रेबच्या प्लिवा कंपनीत शोधलेले हे औषध एरिथ्रोमायसिनच्या कुळातले, म्हणजे मॅक्रोलाइड. दिवसाला एक गोळी, तीन किंवा पाच दिवस, सुई नाही, धास्ती नाही. रोजंदारी बुडवून मुलाला पुन्हा दवाखान्यात न्यावे लागत नाही, हे लूमवाल्या घरात फार मोठे सुख आहे. म्हणून वहिनींना दोष देण्यात अर्थ नाही. २०१९ सालच्या आकड्यांवर आधारलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की भारताच्या खासगी बाजारात सर्वाधिक खपलेले अँटिबायोटिक म्हणजे अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. एकूण खपात तिचा वाटा ७.६ टक्के होता. त्यानंतरच्या कोविडच्या दोन वर्षांत तर ती घराघरात पोचली.

पेनिसिलिनच्या बाबतीत हरलेला हा जंतू मॅक्रोलाइडच्या बाबतीत मात्र हुशार निघाला. त्याच्याकडे दोन युक्त्या आहेत. एक तर औषध पेशीत जिथे चिकटते ती जागाच तो बदलून टाकतो. दुसरी युक्ती म्हणजे आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकायचे. अझिथ्रोमायसिन शरीरात अनेक दिवस रेंगाळते. शेवटी शेवटी त्याची मात्रा इतकी कमी उरते, की ती जंतूला मारत नाही, फक्त तालीम देते.

आता तो मघाचा घोटाळा. समजा त्या मुलाच्या घशात अझिथ्रोमायसिनला न जुमानणारा जंतू होता. तरी काय झाले असते? ताप उतरला असता, कारण तो तसाही उतरणारच होता. मुलगा तिसऱ्या दिवशी शाळेत गेला असता आणि श्रेय गोळीला मिळाले असते. जंतू मात्र घशात तसाच राहिला असता, आणि संधिवाताच्या तापाचा धोकाही. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया यांत औषध चालले नाही तर रुग्ण बिघडतो आणि डॉक्टरांना कळते. घशाच्या या दुखण्यात औषध हरले तरी ते जिंकल्यासारखेच दिसते. आईला कळत नाही, डॉक्टरांना कळत नाही. त्यामुळे इथे अनुभवावर विसंबून चालत नाही, मोजणीच करावी लागते.

मोजणी केली तर काय हाती लागते, याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ज्युडिथ मार्टिन आणि त्यांचे सहकारी एका शाळेतल्या मुलांच्या घशाचे नमुने दर दोन आठवड्यांनी घेत होते. १९९८ पासून दोन वर्षे एरिथ्रोमायसिनला दाद न देणारा एकही स्ट्रेप्टोकोकस त्यांना सापडला नव्हता. जानेवारी २००१ मध्ये तो अचानक दिसला. २०००-०१ च्या त्या शालेय वर्षाअखेर हिशेब मांडला तेव्हा मिळालेल्या जंतूंपैकी ४८ टक्के प्रतिकारक होते, आणि ते सगळे एकाच वाणाचे. शहरातल्या इतर मुलांचे नमुने तपासले तर तिथेही ३८ टक्के. नमुने घेतले जात नसते तर शहरात काही घडले आहे, याचा कुणाला पत्ताही लागला नसता.

दुसरे उदाहरण फिनलंडचे, आणि ते धीर देणारे आहे. तिथे १९९० च्या सुमारास हाच प्रतिकार वाढताना दिसला. १९९१ च्या अखेरीस देशभरच्या डॉक्टरांना सांगण्यात आले, की घशासाठी आणि त्वचेच्या संसर्गासाठी मॅक्रोलाइड औषधे बेताने वापरा. त्यांनी ऐकले. औषधांचा वापर जवळजवळ निम्म्याने घटला आणि प्रतिकारक जंतूंचे प्रमाण १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आले. गेलेली जमीन परत मिळू शकते, पण किती गेली हे आधी ठाऊक हवे.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चंदीगड आणि वेल्लोर इथल्या संस्थांनी शाळकरी मुलांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकोकसचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रतिकार-निरीक्षणाचे जाळे २०१३ पासून उभे राहिले. त्याचा भर मात्र मोठ्या रुग्णालयांतल्या गंभीर रुग्णांवर आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. भेस्तानच्या गल्लीतले मूल घसा दुखला म्हणून तिथपर्यंत पोचत नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चिंताजनक जंतूंची नवी यादी काढली. तिच्यात मॅक्रोलाइडला न जुमानणारा 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस मधल्या गटात आला आहे.

सुरतेचे नाव मी मुद्दाम घेतले, त्याचे खरे कारण आता सांगतो. सप्टेंबर १९९४ मध्ये तापीचा पूर ओसरला, गणेश विसर्जन झाले आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची हाकाटी उठली. त्याआधी महिनाभर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला होता. पन्नासच्या आसपास माणसे दगावली, काही लाख लोक शहर सोडून पळाले, अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. टेट्रासायक्लिन नावाचे औषध तेव्हा पानवाल्यालाही पाठ झाले आणि दुकानांतून ते पाहता पाहता नाहीसे झाले. अँटिबायोटिक ही चिठ्ठीशिवाय साठवून ठेवायची वस्तू आहे, हे त्या दिवसांत एका अख्ख्या शहराने अनुभवले. पण याच शहराने दुसरा धडाही घेतला. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात कचरा तर उचलला गेलाच, शिवाय कुठल्या भागात किती ताप, किती हिवताप, किती जुलाब, याची नोंद नियमित ठेवण्याची घडी बसली. भारतातले अत्यंत घाणेरडे म्हणून गाजलेले शहर पुढे स्वच्छतेच्या यादीत वरच्या क्रमांकावर गेले, त्यात या मोजणीचाही वाटा आहे.

ताप मोजायला शिकलेल्या शहराला मुलांचे घसे मोजणे अशक्य नाही. त्याला लागते काय? कापसाचा एक बोळा, मेंढीचे रक्त घातलेली एक थाळी, एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या कागदी चकत्या आणि थोडी सवड. चकतीभोवती जंतू वाढले आहेत की मोकळे वर्तुळ पडले आहे, ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. सुरतेत सरकारी आणि महापालिकेचे अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पालिकेच्या शाळा आहेत. उधना-भेस्तानच्या दोन-तीन शाळांतून पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नमुने घेतले, तरी त्या भागातल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिताना आधार मिळेल.

आणि आपल्या गोव्याचे काय? १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिचा वारसा आज बांबोळीला चालतो. राज्य एवढेसे, की पेडण्याचे मूल सकाळी निघून दुपारपर्यंत बांबोळीला पोचते. गोळ्या बनवणारे कारखाने आपल्या वेर्ण्यात आहेत. ही मोजणी करायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. काही मुलांना पेनिसिलिनची खरोखरच अ‍ॅलर्जी असते. त्यांच्यासाठी मॅक्रोलाइड हा मोठा आधार आहे. तो आपण सर्दी-पडशावर उधळून टाकला, तर त्या मुलांना द्यायला काय उरेल?

तोवर आपल्या हाती एवढे आहे. घसा दुखला की आधी डॉक्टरांना विचारावे, हा विषाणूचा आहे की स्ट्रेपचा? स्ट्रेपचा असेल तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन चालेल का, हेही विचारावे आणि ते दिले तर दहा दिवस पुरे करावे, मूल तिसऱ्याच दिवशी अंगणात पळू लागले तरी. उरलेली पट्टी फळीवर जपून ठेवू नये. घसा बरा झाल्यावर महिनाभरात मुलाचा गुडघा किंवा घोटा सुजला, तर 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे न्यावे आणि आधी घसा दुखला होता, हे आठवणीने सांगावे.